तिच्या अक्षरात

बायकांच्या गाण्यांच्या वहीचं पहिलं पान बहुतेक वेळा देवाचं असतं आणि शेवटचं हिशेबाचं. मधल्या पानांवर आरत्या, पाळणे, भुलाबाईची गाणी, मंगलाष्टका, कुणाच्या तरी लग्नात ऐकलेले उखाणे, रेडिओवरून घाईघाईत टिपलेलं भावगीत, एखादा अभंग. मागच्या पुठ्ठ्याच्या आत दुधाचे लिटर, भिशीचे हप्ते, माहेरच्या कुणाचा तरी फोन नंबर. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यातून ज्या वह्या या संग्रहासाठी माझ्या हाती आल्या, त्या जवळपास सगळ्या अशाच. काही मराठीत, काही बंगालीत, काही देवनागरीत लिहिलेल्या गोंडीत. एक-दोन तेलुगू गाणी मराठी अक्षरांत. वही हातात देताना बहुतेकींनी एकच गोष्ट सांगितली : "यात माझं काही नाही हो, नुसतं उतरवून घेतलंय."

ही प्रस्तावना मी त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे. कारण ते वाक्य मला मान्य नाही.

उतरवणं हे क्रियापद नीट पाहण्यासारखं आहे. डोक्यावरची मोळी उतरवतात, लेकराची दृष्ट उतरवतात, दुसऱ्याच्या तोंडचं गाणं कागदावर उतरवतात. तिन्ही कामं बहुतेक बायकांच्या हातची, आणि तिन्हींमध्ये हाताला कळावं लागतं की काय खाली घ्यायचं आणि कुठे ठेवायचं. लग्नाच्या एका रात्री मांडवात गाण्यावर गाणं चालू असतं. ऐकणारी त्यातली दोन-तीनच दुसऱ्या दिवशी आठवून लिहिते. उरलेली हवेत जातात. या दोन-तीनच का? चाल गोड होती म्हणून, की त्यात सासूला उत्तर होतं म्हणून, की म्हणणारी पुढच्या वर्षी असेल की नाही याची धास्ती वाटली म्हणून? तांदूळ निवडताना खडा कुठला आणि दाणा कुठला हे ज्या हाताला दिसतं, तोच हात इथे काम करत असतो. त्याला 'नुसतं' म्हणणं बरोबर नाही.

मराठीत अशा वहीला जुना शब्द आहे : बाड. कीर्तनकाराच्या काखोटीला असायचं ते बाड. बहुधा लांबट पानांचं, अरुंद कडेला शिवलेलं, उघडलं की पानं वर उलटत जाणारं. पोथीला कर्ता असतो, तिचा आरंभ आणि शेवट ठरलेला असतो. बाडाला फक्त धनी असतो. त्यात नामदेवाचा अभंग, त्याखाली कुणा अनाम कवीचं पद, मग मोरोपंतांची आर्या, मध्येच विंचू उतरवायचा मंत्र किंवा काढ्याचं प्रमाण. धुळ्याचं समर्थ वाग्देवता मंदिर, तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय अशा ठिकाणी जुन्या मराठी कागदांचे मोठे साठे जपलेले आहेत. पण आपल्याकडे आदर पोथीला मिळाला. बाड हे कच्चं, कामापुरतं, दुसऱ्याचं उसनं घेतलेलं मानलं गेलं. मला नेमकं उलट वाटतं. काळाने काय ऐकलं, काय आवडीने जवळ ठेवलं, हे पोथीपेक्षा बाड जास्त खरं सांगतं.

बाड बाळगायचं तर चार गोष्टी लागत : अक्षरओळख, कागद, मोकळा वेळ, आणि दुसरं कुणी हात लावणार नाही असा एखादा कोनाडा. अठराव्या शतकात या चारही गोष्टी एकत्र मिळणारी बाई म्हणजे सरदाराच्या, जहागीरदाराच्या किंवा सधन भिक्षुकाच्या घरची. पेशव्यांच्या घरात गोपिकाबाईंचं लिहिणं प्रसिद्ध आहे. नाशिकजवळ गंगापूरला विरक्तपणे राहत असताना त्यांनी नातवाला, सवाई माधवरावांना, राजाने कसं वागावं याचं उपदेशपत्र लिहिलं. कविता वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या बायकांचा वर्ग तेव्हा होता, याचा पुरावा कवींच्याच कामात आहे. बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिलेले मोरोपंत (१७२९–१७९४) त्यांच्या संस्कृतप्रचुर आर्यांसाठी ओळखले जातात. पण याच पंतांनी सीतागीत, सावित्रीगीत, रुक्मिणीगीत अशी सोप्या चालीची गीतं बायकांसाठी रचली. एवढे जड शब्द वापरणारा कवी चाल बदलतो, तो कुणीतरी मागितल्याशिवाय नाही. त्याआधी शंभर वर्षं मिरजेच्या मठात वेणाबाई होत्या. बालविधवा, रामदासांच्या शिष्या, सीतास्वयंवराच्या कर्त्या. उभं राहून कीर्तन करण्याची मोकळीक त्यांना होती. पण त्यांना ते दार मठाने उघडून दिलं. घरात राहिलेल्या बाईसाठी दार नव्हतं. असलाच तर कोनाडा.

या सगळ्यांच्याही मागे विदर्भातली एक गोष्ट आहे. ती मी थोडी सावकाश सांगणार आहे, कारण आमच्या या भागातल्या वह्यांची खरी पूर्वज मला तिथे दिसते.

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, तेराव्या शतकात, महदाइसेने धवळे म्हटले. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला होता आणि त्यात गायला गाणी हवी होती. लग्नगीत म्हणून जे जन्मलं, ते आज मराठीतल्या आद्य कवयित्रीचं काव्य म्हणून शिकवलं जातं. म्हणजे आपल्या भाषेत बाईच्या कवितेची सुरुवातच मांडवातल्या गाण्यापासून झाली. ते गाणं टिकलं, कारण महानुभाव पंथातल्या माणसांना लिहून ठेवायची सवय होती. त्याच पंथात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे उत्तरेकडून आलेल्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. तेव्हा हिराइसा नावाच्या शिष्येला ते मुखोद्गत होतं, आणि तिच्या स्मरणातून पाठ पुन्हा कागदावर आला, असं महानुभाव परंपरा सांगते. 'पिढीपाठ' म्हणतात तो तिच्याशी जोडला जातो. मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथाचा एक धागा असा एका बाईच्या आठवणीतून आला. ती म्हणाली असती का, यात माझं काही नाही?

उतरवून घेणाऱ्या बायकांचं सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र दूर इंग्लंडात आहे. १५३० च्या दशकात, आठव्या हेन्रीच्या दरबारात, राणी अ‍ॅन बोलिनच्या भोवती असलेल्या तरुण बायकांमध्ये एक वही फिरत होती. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि डेव्हनशायर हस्तलिखित म्हणून ओळखली जाते. तिच्यात दोनशेच्या जवळपास कविता आणि कवितांचे तुकडे आहेत, आणि डझनाहून जास्त माणसांचे हात. त्यातले तीन हात तीन मैत्रिणींचे म्हणून ओळखले गेले आहेत : मेरी शेल्टन, राजाची भाची मार्गारेट डग्लस, आणि राजाची सून मेरी हॉवर्ड. वहीतल्या पुष्कळशा कविता कवी थॉमस वायटच्या. म्हणजे पुन्हा तेच : यात त्यांचं काही नाही, नुसतं उतरवून घेतलंय.

पण समास पाहा. वहीतल्या एका कवितेशेजारी एका मैत्रिणीने लिहिलं की हे विसरून जा; दुसरीने त्याखाली लिहिलं की नाही, हे ठेवण्यासारखं आहे. पाच शतकांनंतरही तो वाद ऐकू येतो. १५३६ मध्ये मार्गारेटने राजाला न विचारता थॉमस हॉवर्डशी लग्नाचा शब्द दिला, म्हणून दोघांना टॉवरमध्ये कैद केलं. थॉमस पुढच्या वर्षी तिथेच मेला. त्या दोघांच्या ताटातुटीच्या कविता याच वहीत आहेत. आणि चॉसरच्या १५३२ साली छापलेल्या ग्रंथातून घेतलेले काही तुकडेही आहेत. त्यातला एक मुळात बायकांच्या कपटाविषयी होता. उतरवणाऱ्या हाताने त्या ओळीतले निंदेचे शब्द काढले आणि तिथे निष्ठेचे, स्तुतीचे शब्द घातले. बाकीची कविता तशीच ठेवली. छापील ग्रंथातल्या थोर कवीला, कुणालाही न सांगता, घरच्या वहीत दिलेलं ते उत्तर आहे.

मुलचेऱ्यातल्या एका वहीत भुलाबाईचं एक गाणं आहे. सगळीकडे ते सासरच्या छळाशी येऊन संपतं. त्या वहीत शेवटची कडवी नाहीत. त्या जागी माहेराहून आणायला आलेल्या भावाचं कडवं आहे, आणि शाई तीच आहे. मी विचारलं तेव्हा ती बाई म्हणाली, आमच्याकडे असंच म्हणतात. मी आणखी विचारलं नाही.

मुलचेरा हा भाग पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातला. त्या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी जमीनदारी अहेरीची, राजगोंडांची. इथेही राण्या होत्या, जमीनदारणी होत्या. चांद्याच्या राणी हिराईने नवऱ्याची, वीरशहाची समाधी बांधली, महाकालीचं देऊळ उभं केलं. तिची सही दगडात आहे. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईचं नाव इतिहासात येतं ते १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाक्यांना पकडून देण्याच्या संदर्भात. शेडमाक्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला फाशी झाली. या प्रदेशातल्या थोर घरच्या बाईची नोंद अशी एक तर दगडावर, नाहीतर दुसऱ्यांच्या युद्धाच्या कागदांत. आणि त्याच वेळी जंगलात, गोटूलच्या अंगणात, पोरी हातात हात घालून रेला म्हणत होत्या. त्या गाण्यांना ना दगड हवा होता ना कागद. एकीने सोडलं की दुसरीने धरायचं, एवढंच.

मग कागद कुठून आला? हे सांगायला मला फार लांब जावं लागत नाही. कागद आमच्याच रानातून गेला. बल्लारपूरची कागद गिरणी ज्या कंपनीची, ती १९४५ मध्ये स्थापन झाली आणि दशकानुदशकं चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू तिच्या हौदांत शिजला. पुढे आमच्या वाटेवरच्या आष्टीलाही कागद कारखाना आला. बांबू तोडणाऱ्यांत, मोळ्या बांधणाऱ्यांत बायका होत्याच. त्यांच्या हातून गेलेला बांबू पांढरा होऊन, रेघा आखून, चौसष्ट पानी वही होऊन आश्रमशाळेत त्यांच्या नातींच्या दप्तरात परत आला. याच बांबूवर गावाचा हक्क सांगायला लोकांना किती झगडावं लागलं, ते धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला माहीत आहे. वनहक्क कायदा २००६ चा, पण ग्रामसभेला स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना मिळायला २०११ उजाडलं. ज्या कागदावर पेशवाईत फक्त वाड्यातल्या बाईचा हात पडत होता, तो कागद इथे रोजगार हमीवर जाणाऱ्या बाईच्या पोरीकडे आला. मला हा साधा फरक वाटत नाही. या संग्रहातली प्रत्येक वही त्या फरकाने शक्य झाली आहे.

गोंडी वह्या मी सगळ्यात सावकाश वाचल्या. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख लोक होते. या भाषेसाठी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये लिपी तयार केली, आणि शेजारच्या आदिलाबादमधल्या गुंजाळा गावी आणखी एका लिपीतली हस्तलिखितं मिळाली. पण आमच्या पोरींना शाळेत आली ती देवनागरी, म्हणून त्यांनी गोंडी देवनागरीतच उतरवली. प्रत्येकीची पद्धत वेगळी. एकच शब्द एकीने दीर्घ लिहिला, दुसरीने ऱ्हस्व, तिसरीने मध्ये स्वल्पविराम देऊन आवाज लांबवला. कुठलंही पुस्तक समोर नसताना, नुसत्या कानाने, आपल्या भाषेचं लेखन त्यांनी ठरवायला घेतलं होतं. मोठ्या भाषांमध्ये हे काम विद्यापीठं करतात आणि त्यावर समित्या बसतात. इथे ते नववीतल्या मुलीने संध्याकाळी चुलीच्या उजेडात केलं.

आणि बंगाली वह्या. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवलं गेलं. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही गावांची नावंच सांगतात की इथे कोण उतरलं. घरदार सोडून निघालेल्या माणसाला बरोबर फार काही नेता येत नाही, पण पाठ असलेलं सगळं येतं. या गावांतल्या बायका गुरुवारी लक्ष्मीची पाँचाली वाचतात. आमच्या मराठी घरांत मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीची कथा वाचतात. दोन भाषा, दोन कथा, वार आणि देवी एकच. या योगायोगाने मुलचेऱ्यात कित्येक शेजारणींची मैत्री झाली. एका बंगाली वहीत मराठी आरती आहे, बंगाली अक्षरांत.

या बायकांची एक आजी मला आठवते, रक्ताची नव्हे, अक्षराची. राससुंदरी देवी. एकोणिसाव्या शतकात, पूर्व बंगालमधल्या फरीदपूरकडच्या एका जमीनदार घराण्याची सून. बाईने वाचणं तेव्हा पाप समजलं जाई. तिने चैतन्य भागवताच्या पोथीतलं एक पान काढून घेतलं, मुलाने अक्षरं गिरवलेलं ताडपत्र मिळवलं, आणि दोन्ही स्वयंपाकघरात लपवून एकमेकांशी ताडून पाहत, पदराआड, स्वतः वाचायला शिकली. पुढे 'आमार जीवन' हे आत्मचरित्र लिहिलं, बंगाली बाईने लिहिलेलं पहिलं. मोठं घर, धान्याची कोठारं, नोकरचाकर; आणि वाचायला चोरून काढलेलं एक पान. थोर घरच्या बाईला सगळं मिळत होतं असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला ते पान दिसतं. आपल्याकडेही वेगळं नव्हतं. रमाबाई रानड्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) मध्ये लिहिलं आहे की नवरा शिकवत होता तरी घरातल्या बायकांचा रोष त्यांना सोसावा लागला. कोनाडा होता, पण त्यावरही नजर होती.

इथे कुणी म्हणेल की मराठीत बायकांची गाणी गोळा करणारे थोडे का झाले? झाले, आणि त्यांचं ऋण मोठं आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या जमवल्या. सरोजिनी बाबर, दुर्गा भागवत, इंदिरा संत यांनी हे काम केलं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गावोगावी जाऊन नोंदवल्या. त्यांची संख्या लाखावर गेली. आणि बहिणाबाई चौधरी. खानदेशातल्या आसोद्याच्या, निरक्षर. त्या शेतात, चुलीपाशी म्हणत. मुलगा सोपानदेव आणि घरातला आणखी एक तरुण नातेवाईक ते वहीत लिहून घेत. ती वही आचार्य अत्र्यांपुढे आली नसती तर काय झालं असतं, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. कविता छापून आल्या १९५२ मध्ये. ते पुस्तक त्यांनी हातात धरलं नाही.

या सगळ्या थोर कामांत म्हणणारी एक होती आणि लिहिणारा दुसरा. लेखणी, टेपरेकॉर्डर, निवड, मथळा, सगळं दुसऱ्याच्या हाती. आमच्या वह्यांत ऐकणारीच लिहिणारी आहे, आणि तिला कुणी लिहायला सांगितलेलं नाही. तिने ते छापायला लिहिलं नाही, मला दाखवायलाही नाही. पुढच्या वर्षी मांडवात कडवं अडू नये, एवढ्यासाठी लिहिलं. म्हणून या वह्यांना मी लोकगीतांचा साठा म्हणत नाही. हे मुलचेऱ्याचं बाड आहे, आणि त्याच्या प्रत्येक पानाला धनीण आहे.

संपादन करताना मी काय केलं, तेही सांगायला हवं. शुद्धलेखन बदललं नाही. झाडीबोलीतले शब्द पुणेरी केले नाहीत. एकच गाणं चार वह्यांत चार प्रकारे होतं, तेव्हा चारही ठेवले. त्यातलं 'मूळ' कुठलं हे ठरवायच्या फंदात पडले नाही. झाडीपट्टीच्या नाटकांतली गाणीही ठेवली. काही स्नेह्यांनी ती गाळायला सुचवलं होतं, कारण ती 'लोकगीतं नाहीत'. ज्या पोरीने रात्रभर मंडपात जागून, पहाटे घरी येऊन ती उतरवली, तिच्या वहीत ती आहेत. मग इथेही आहेत. हिशेबाची पानं सुरुवातीला मी बाजूला काढली होती. मग ध्यानात आलं की तेंदूपत्त्याच्या पुड्यांचा आकडा आणि त्याच पानावरचा पाळणा एकाच मे महिन्यातले आहेत, आणि ते वेगळे केले तर तो महिना कळणार नाही. ती पानं परत जागेवर घातली. कुणाचंही नाव दिलेलं नाही. तशी त्यांची इच्छा होती. काहींनी वही देताना दोन पानं एकमेकांना टाचून बंद केली होती. ती मी उघडली नाहीत, आणि या संग्रहात ती नाहीत.

वह्या परत करायला मी स्वतः गेले. त्यातल्या एकीने आधीच बजावलं होतं की कोजागिरीच्या आत वही मिळाली पाहिजे, भुलाबाई उठायच्या आधी. मी दोन दिवस अगोदर पोचले. तिने वही घेतली, पानं मोजली, टाचलेली दोन पानं तशीच आहेत हे बोटाने चाचपून पाहिलं. मग सुनेला हाक मारून पेन मागितलं. वही माझ्याकडे होती तेवढ्या दिवसांत तिने शेजारच्या गावी एक गाणं ऐकलं होतं, आणि ते विसरू नये म्हणून पंधरा दिवस मनातल्या मनात म्हणत होती. मी समोर बसले होते याचं तिला भान नव्हतं. ती लिहू लागली.